औषधे कोठे ठेवावी?

औषधाच्या दुकानातून आणलेल्या कोणत्याही डबीवर अथवा बाटलीवर, भिंगावाचून वाचता येऊ नयेत अशा बारीक अक्षरांत, बहुधा तीन सूचना छापलेल्या असतात. औषध 30 अंशांहून अधिक उष्ण जागी ठेवू नये. उजेड व ओल ह्यांपासून त्याचे रक्षण करावे. आणि ते मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. तिन्ही सूचना रास्त आहेत व त्यांवर वाद घालण्याचे कारण नाही. परंतु ह्या तिन्ही एकाच वेळी पाळू म्हणणाऱ्या गृहस्थाने हातात औषध घेऊन आपल्या घरातून एकदा हिंडून पाहावे. मुलांच्या भीतीने उंच फळीवर ठेवू जावे, तर छपराखालची ती जागा घरातील सर्वांत उष्ण. गारव्यासाठी खाली ठेवावे, तर रांगणाऱ्या बाळाचा हात तेथे आधी पोहोचतो. कूलरसमोर गारवा आहे, पण हवेत ओल आहे. जे उंच ते थंड नव्हे आणि जे थंड ते कोरडे नव्हे, असा हा पेच आहे, आणि तो सोडविण्याचे काम औषधाच्या वेष्टनाने आपल्यावर सोपविलेले असते.

देशाच्या सौम्य हवेच्या भागांत हा पेच फारसा जाणवत नाही. रायपूरसारख्या शहरात मात्र तो दरवर्षी निदान तीन महिने घरोघर उभा राहतो. शहराच्या पश्चिमेकडील समता कॉलोनी ही वस्ती घ्या. (पाट्यांवर हिंदीच्या वळणाने ‘कॉलोनी’ असे लिहितात, मराठी तोंडी ती ‘कॉलनी’च असते.) शेजारीच चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे, आणि जुन्या शहरात तात्यापारा हे नाव अद्याप मराठी वस्तीची आठवण देते. अठराव्या शतकात छत्तीसगढावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला तेव्हापासून मराठी कुटुंबे ह्या बाजूस येत राहिली. 1854 साली ते राज्य खालसा झाले तरी माणसे राहिली. पुढे नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने आणखी आली. येताना त्यांनी आपली भाषा, आपले सणवार आणल्याप्रमाणे घर लावण्याच्या आपल्या सवयीही आणल्या. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांतील एक सवय ध्यानात घेण्याजोगी आहे, आणि ती म्हणजे आजीबाईचा बटवा.

बटव्यात काय असे? सुंठ, हळकुंड, वेखंड, हिरडा, मायफळ, जायफळ. ही सारी वाळलेली मुळे, फळे आणि साली. त्या फडक्यात बांधून खुंटीला अडकवा, कोनाड्यात टाका, स्वयंपाकघरातील डब्यामागे ठेवा. ओल व कीड लागली नाही तर वर्षभर त्यांचे काही बिघडत नसे. जे द्रव्य निसर्गानेच टिकण्यासाठी बनविले आहे, ते ठेवण्यास जागेची चिकित्सा लागत नाही. आता बटवा गेला, त्याच्या जागी प्लॅस्टिकचा डबा आला. पण डब्याची जागा पुष्कळ घरांत बटव्याचीच राहिली. तीच स्वयंपाकघरातील फळी, तोच खिडकीचा कोनाडा. कारखान्यात तयार झालेली गोळी हळकुंडाइतकी सोशीक नसते, एवढी गोष्ट ह्या स्थलांतरात ध्यानाबाहेर राहिली.

उष्णतेने औषधाचे नेमके काय होते, हे पाहू. रसायनशास्त्रातील एक ढोबळ नियम असा की, उष्णमान दहा अंशांनी वाढले की बहुतेक रासायनिक क्रियांचा वेग दुप्पट-तिप्पट होतो. औषधाचे हळूहळू विघटन होणे हीही रासायनिक क्रियाच होय. ॲस्पिरिनचे उदाहरण सर्वांत सोपे. 1897 साली जर्मनीत फेलिक्स होफमान ह्या रसायनज्ञाने ते शुद्ध स्वरूपात तयार केले, आणि आज हृदयविकाराच्या रुग्णांच्या घरी ते रोजच्या उपयोगात असते. ओल व उष्णता मिळाली की ॲस्पिरिनचे दोन तुकडे पडतात: एक सॅलिसिलिक आम्ल आणि दुसरे ॲसेटिक आम्ल, म्हणजे शिरक्यातले आम्ल. म्हणून ॲस्पिरिनच्या बाटलीचे झाकण उघडताच शिरक्याचा वास आला, तर त्या गोळ्या काम करण्याच्या पलीकडे गेल्या असे समजावे. दुर्दैवाने सर्वच औषधे अशी प्रामाणिक नसतात. बहुतेक गोळ्या निकामी झाल्यावरही पूर्वीसारख्याच दिसतात, आणि रुग्ण नेमाने गोळी घेऊनही रक्तदाब का उतरत नाही ह्याचे उत्तर कोणासच सापडत नाही.

भारतीय औषधसंहितेने उष्णमानाच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. 2 ते 8 अंश ही शीत जागा, 8 ते 25 अंश ही थंड जागा, 30 ते 40 अंश ही उष्ण जागा, आणि 40 च्या वर ‘अतिउष्ण’. मे महिन्यात रायपूरचा पारा दुपारी 42-43 अंशांवर असतो. 25 मेच्या सुमारास लागणाऱ्या नौतप्यात तो कधीकधी 45 च्याही पुढे जातो. म्हणजे औषधसंहितेच्या भाषेत त्या दिवसांत सारे शहरच अतिउष्ण जागा ठरते. बंद घराच्या आत पारा इतका चढत नाही हे खरे, तथापि वरच्या मजल्यावरच्या खोलीत गच्चीचा स्लॅब दिवसभर तापून रात्रभर ती उष्णता खाली सोडीत असतो, आणि तेथे मध्यरात्रीही 30 अंश मिळत नाहीत.

मग वेष्टनावरील सूचना पाळणे अशक्यच म्हणावयाचे काय? तसे नाही. ती सूचना दीर्घकाळाच्या साठवणीसाठी असते. एखादी दुपार 36 अंशांत गेली म्हणून बहुतेक गोळ्या वाया जात नाहीत. महिनोन्महिने तशा उष्म्यात राहिल्या म्हणजे जातात. म्हणून रायपूरच्या गृहिणीने औषधाला 30 अंशांची जागा मिळेल का, असे न विचारता, आपल्या घरातील सर्वांत कमी तापणारी जागा कोणती, असे विचारावे. पाच-दहा अंशांचा फरकही पुष्कळ असतो. साधा भिंतीवर टांगण्याचा तापमापक बाजारात मिळतो. तो दोन-तीन दिवस दुपारी निरनिराळ्या जागी ठेवून पाहिला, तर अंदाजाने बोलण्याची गरज उरत नाही.

ती जागा बहुधा तळमजल्यावरील मधल्या खोलीत सापडते, जिच्या भिंती बाहेरच्या उन्हास लागलेल्या नसतात. पश्चिमेकडील भिंतीतले कपाट सर्वांत वाईट. स्वयंपाकघर वर्ज्य करावे, कारण शेगडीची धग आणि भाताची वाफ दोन्ही तेथेच. न्हाणीघरातील आरशामागचे कपाट दिसावयास नेटके, पण त्यात प्रत्येक स्नानाबरोबर वाफ शिरते. परदेशी चित्रांतून पाहून आपण ती पद्धत घेतली, ती न घेतलेली बरी. फ्रीजच्या माथ्यावर औषधाचा डबा ठेवण्याची चाल फार दिसते. फ्रीज आत थंड असतो ह्याचा अर्थ आतली उष्णता तो बाहेर टाकीत असतो. तेव्हा त्याचा माथा व पाठीमागची बाजू खोलीहूनही उष्ण असते. उभ्या मोटारीत तर औषध तासभरही विसरू नये. नागपूरला जावयाचे म्हणून औषधाची पिशवी सकाळपासून गाडीत नेऊन ठेवणारी मंडळी असतात, त्यांच्यासाठी हे लिहिणे भाग आहे.

कूलरचा प्रश्न निराळा. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा गार असते, पण ती पाण्याने भरलेलीही असते. गोळ्या जोपर्यंत आपल्या मूळ पट्टीत, प्रत्येकी आपापल्या खळगीत बंद आहेत, तोपर्यंत ही ओल त्यांना सहसा बाधत नाही. सुट्या काढून डबीत भरल्या की बाधते. कॅप्सूल चिकटतात, पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या फुगतात, जलसंजीवनीची उघडी पुडी दगडासारखी होते. गोळ्यांच्या बाटलीत कापसाचा बोळा असल्यास बाटली उघडल्यावर तो काढून टाकावा, कारण तो ओल धरतो. त्याउलट ओल शोषणारी जी लहानशी पुडी बाटलीत असते ती मात्र तशीच राहू द्यावी. आठवड्याच्या गोळ्या वारवार भरून ठेवण्याच्या खणांच्या डब्या वृद्धांना फार सोयीच्या आहेत. त्यांत एका आठवड्यापुरत्याच गोळ्या भराव्या, महिन्याच्या नव्हे.

आता ज्या औषधाला उन्हाळ्यात सर्वांत जपावे लागते, त्या इन्सुलिनकडे वळू. 1922 सालच्या जानेवारीत टोरोंटो येथे लेनर्ड थॉम्पसन नावाच्या मधुमेही मुलाला ते पहिल्यांदा टोचण्यात आले. तेव्हापासून कोट्यवधी माणसे त्याच्या आधाराने जगली. इन्सुलिन हे प्रथिन आहे. अंडे उकडले म्हणजे बलक जसा पुन्हा पातळ होत नाही, तसे बिघडलेले प्रथिन पूर्ववत होत नाही. न उघडलेली कुपी 2 ते 8 अंशांत, म्हणजे फ्रीजमध्ये ठेवावी. पण बर्फाच्या कप्प्यापासून दूर, मधल्या फळीवर, तिच्या खोक्यातच ठेवावी. दारातील खणात दर वेळी दार उघडताच गरम हवा लागते. बर्फाने गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर कदाचित पूर्वीसारखे दिसेल, परंतु त्याचा भरवसा राहिलेला नसतो. ते टाकून द्यावे. वापरात असलेली कुपी वा पेन फ्रीजबाहेर ठेवले तरी चालते. त्याची मुदत बहुतेक प्रकारांत सुमारे चार आठवडे असते आणि उष्णमान 25 ते 30 अंशांच्या आत असावे लागते. नेमका आकडा प्रत्येक प्रकाराच्या वेष्टनावर पाहावा. कुपी उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवावी.

पण फ्रीज नसलेल्या घरात, अथवा वीज तासन्तास गेलेल्या दुपारी, काय करावे? ह्या प्रश्नाचा शोध केनियातील डगाहाले येथील निर्वासितांच्या छावणीत घेतला गेला. सीमा न मानणाऱ्या डॉक्टरांची ‘मेदसाँ साँ फ्रॉन्तिए’ ही संघटना व जिनेव्हा विद्यापीठ ह्यांनी तेथील झोपड्यांतील उष्णमान मोजले. ते दिवसरात्रीत 25 ते 37 अंशांच्या दरम्यान हालत होते. तशाच चढउतारात उघडलेले इन्सुलिन चार आठवडे ठेवून तपासले, तेव्हा फ्रीजमधल्या इन्सुलिनच्या मानाने त्याच्या शक्तीत एका टक्क्याहून अधिक फरक पडला नाही. 2021 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्यापाशी फ्रीज नाही त्यांना ही मोठी दिलाशाची गोष्ट आहे. परंतु तिची वरची मर्यादा 37 आहे हे रायपूरकरांनी विसरू नये. मेमधील दुपार ती सहज ओलांडते. तेथे उपयोगी पडतो आपला जुना माठ.

एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे 580 कॅलरी उष्णता खर्च होते, आणि ती उष्णता माठाच्या भिंतीतून व आतील वस्तूंतून घेतली जाते. हवा जितकी कोरडी, तितके पाणी लवकर उडते आणि माठ अधिक गार होतो. नायजेरियातील मोहम्मद बाह अब्बा ह्या शिक्षकाने 1990 नंतरच्या दशकात ह्याच तत्त्वावर, मोठ्या मडक्यात लहान मडके व मधल्या जागेत ओली वाळू, अशी भाजीपाला टिकविण्याची सोय खेडोपाडी पोहोचविली. त्याबद्दल त्यांना 2000 साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. इन्सुलिनसाठी हीच जोडगोळी कामास येते. आतल्या मडक्यात पाणी घालू नये. कुपी झाकणाच्या कोरड्या डबीत घालून ती आत ठेवावी, वर ओले फडके टाकावे, वाळू दिवसातून दोनदा भिजवावी, आणि मडके उन्हात नव्हे तर वारा खेळता राहील अशा सावलीत ठेवावे. मडके गच्च बंद फडताळात ठेवल्यास काहीच साधत नाही, कारण पाणी उडून जाण्यास हवाच मिळत नाही. जूनच्या मध्यानंतर पाऊस लागला की ही युक्ती आपोआप मंदावते. हवाच ओली झाल्यावर पाणी उडणार कोठे? सुदैवाने तोवर उन्हाचा जोरही ओसरलेला असतो.

इथवर उष्णतेचे झाले. पण उष्णतेने औषध निकामी होते. मुलाच्या हाती लागलेले औषध जीव घेते. म्हणून दोहोंत निवड करण्याची वेळ आली, तर मुलाच्या बाजूने कौल द्यावा ह्याविषयी दुमत नसावे.

आपल्या भाषेने ह्या बाबतीत मुलांची मोठी फसगत करून ठेवली आहे. लिमलेटची ती गोळी, आणि औषधाची तीही गोळीच. रंगीत, गुळगुळीत, कित्येकदा वरून साखरेचा लेप दिलेली. त्यात आई औषध पाजताना ‘खाऊ आहे हं, गोड गोड’ असे समजावते; होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या तर खरोखरच गोड असतात. दीड-दोन वर्षांच्या मुलाने ह्यावरून काय अनुमान काढावे? औषधाला मुलासमोर औषधच म्हणावे. घेण्यास नाखूष मुलाला समजावण्यास वेळ लागतो, पण तो वेळ देण्यासारखा आहे.

सर्वांत अधिक काळजी कोणत्या गोळीची घ्यावी, असे विचारले तर पुष्कळांच्या मनात झोपेची गोळी येईल. ती घातक आहेच. परंतु ज्या गोळीला कोणी भीत नाही अशी एक गोळी आहे, ती लोहाची. रक्तक्षयावर उपाय म्हणून सरकारी आरोग्यसेवेतून लोह व फोलिक आम्लाच्या गोळ्या दिल्या जातात. 5 ते 9 वर्षांच्या मुलांसाठी गुलाबी, 10 ते 19 वर्षांच्या वयासाठी निळी आणि गर्भवतीसाठी लाल. गर्भवतीने 180 दिवस रोज एक व प्रसूतीनंतर पुन्हा 180 दिवस रोज एक अशी ही लाल गोळी घ्यावयाची असते, आणि ती अवश्य घेतली पाहिजे. तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह असते. आता हिशेब करा. घरातील थोरले अपत्य दीड वर्षाचे, वजन दहा किलो. त्याने आईच्या उशाशी पडलेल्या पट्टीतील दहा गोळ्या खाल्ल्या, तर किलोमागे 60 मिलिग्रॅम लोह पोटात गेले. एवढे प्रमाण जिवावर बेतू शकते. त्याच्या तिसऱ्या हिश्शानेही विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. ह्या विषबाधेची रीतही दगा देणारी आहे. आरंभी उलट्या व जुलाब होतात, मग काही तास मूल बरे झाल्यासारखे वाटते, आणि त्यानंतर एकाएकी खालावते. मधल्या त्या बऱ्या वाटण्यावर विसंबून रुग्णालयात जाण्याचे कोणी टाळू नये. पॅरासिटामॉलचेही असेच आहे. जास्त मात्रा पोटात गेल्यास पहिल्या दिवशी विशेष काही दिसत नाही, यकृताची हानी नंतर उघड होते.

आजोबा-आजींची औषधे हा दुसरा धोका. मधुमेहावरील काही गोळ्यांपैकी एकच गोळी लहान मुलाच्या रक्तातील साखर धोक्याच्या खाली नेऊ शकते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांचीही तीच गत. वृद्धांना गोळी हाताशी हवी असते. ती उशीखाली, पानाच्या डब्यात, चष्म्याच्या घरात असते. दिवाळीला नातवंडांकडे आलेल्या आजीच्या पिशवीत महिन्याची औषधे असतात, आणि आजीच्या पिशवीत खाऊ असतो हे नातवंडाला जन्मापासून ठाऊक असते. पाहुणे घरात आले की पहिल्या चहाच्या आधी त्यांच्या औषधांना जागा दाखवावी; ह्यात कोणी अपमान मानीत नाही.

जी औषधे आपण औषधे म्हणून मोजीतच नाही, त्यांचाही येथे उल्लेख करावयास हवा. देवघरातील कापूर हे त्यांतील पहिले. तो लहान मुलाच्या पोटात गेला तर थोड्याच वेळात झटके येऊ शकतात. नीलगिरीचे तेल, अंगास लावण्याचे बाम, ट्रंकेतील डांबराच्या गोळ्या ही सारी मंडळी कुलपाआड जावयास हवीत. फिनेल, तेजाब व रॉकेल शीतपेयाच्या जुन्या बाटलीत भरून ठेवू नये, हे कितीदा सांगितले तरी पुन्हा सांगावे लागते.

अमेरिकेत 1970 साली कायदा होऊन औषधांच्या बाटल्यांना मुलांना सहज न उघडता येणारी झाकणे आली. आपल्याकडेही काही बाटल्यांना ती दिसू लागली आहेत. ती उपयुक्त आहेत, परंतु अशा झाकणांची चाचणी घेताना काही मुले ती उघडतातच, आणि तरीही झाकण चाचणीत उतरते. झाकण म्हणजे कुलूप नव्हे.

मग उंच की थंड, ह्या आरंभीच्या पेचाचे उत्तर कुलपात आहे. तळमजल्यावरील मधल्या खोलीत, आतल्या भिंतीच्या कपाटात, मोठ्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर एक कुलूपबंद पेटी असावी. छतापासून खाली असल्याने ती तापत नाही, आणि कुलूप असल्याने फार उंच असण्याची गरज उरत नाही. पेटी काचेची वा पारदर्शक नसावी. किल्ली पेटीलाच अडकवून ठेवू नये, तशीच घरातील एकाच माणसाच्या कमरेलाही असू नये. रात्री छातीत कळ आली असता किल्ली शोधीत बसणे परवडत नाही. म्हणून हृदयविकाराच्या रुग्णाची जिभेखाली ठेवण्याची गोळी व दम्याचा फवारा एवढी अपवाद म्हणून रुग्णाच्या अंगावरच राहावी. भाड्याच्या दोन खोल्यांत, वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना मधली खोली कोठून मिळणार, हा प्रश्न रास्त आहे. त्यांनी खोलीच्या आतल्या भिंतीशी, जमिनीपासून थोड्या उंचीवर, लोखंडी ट्रंकेऐवजी लाकडी पेटी ठेवावी आणि उन्हाळ्यात औषधे महिन्याहून अधिक पुरतील इतकी आणूच नयेत. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस आपल्या डॉक्टरांचा व जवळच्या रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक आणि रुग्णवाहिकेचा 108 हा क्रमांक मोठ्या अक्षरांत चिकटवावा. मुलाने काही गिळल्याची शंका आल्यास मिठाचे पाणी पाजून उलटी करविण्याच्या खटाटोपास लागू नये. त्याने कित्येकदा अधिक अपाय होतो. सोबत गोळ्यांची पट्टी किंवा बाटली घ्यावी व निघावे.

ती पट्टी अथवा बाटली नावानिशी असावी लागते. येथे औषध आपल्या मूळ वेष्टनात ठेवण्याचे महत्त्व कळते. पट्टीच्या एका टोकाला बॅच नंबर व मुदत छापलेली असते. दुकानदार सुट्या गोळ्या देताना कापतो, आपण घरी सोयीने कापतो, आणि बहुधा नेमके तेच टोक पहिल्यांदा जाते. ते टोक शेवटपर्यंत राखावे. 2025 सालच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया भागात, खोकल्याच्या एका औषधात मिसळलेल्या डायएथिलीन ग्लायकॉल ह्या विषारी द्रवाने मूत्रपिंडे निकामी होऊन वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील कित्येकांना उपचारासाठी नागपूरला नेले होते. त्या औषधातील दोष कारखान्यातला होता. घरच्या कोणत्याही काळजीने तो टळला नसता. परंतु दोषी बॅचचा क्रमांक जाहीर झाला, तेव्हा आपल्या घरातील अर्धी उरलेली बाटली तीच आहे की दुसरी, हे ज्या घरात बाटलीवरचा कागद शाबूत होता तेथेच कळू शकले. कागद भिजून गेलेली, किंवा औषध दुसऱ्या बाटलीत ओतलेले, अशा घरी नुसती धास्ती उरली. त्याच महिन्यात केंद्रीय आरोग्य महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत असे कळविले. मागच्या थंडीतली बाटली ह्या थंडीत धाकट्याला पाजण्याची काटकसर ह्यापुढे तरी बंद व्हावी. 1 ऑगस्ट 2023 पासून खपाच्या 300 औषधांच्या वेष्टनावर क्यूआर संकेतचौकट छापणे बंधनकारक झाले आहे. फोनने ती वाचली की औषधाचे नाव, बॅच व मुदत पडद्यावर दिसते. बारीक अक्षरांशी झगडणाऱ्या आजोबांना नातवाकडून एवढे काम करवून घेता येईल.

मुदतीविषयी एक सामान्य शंका अशी की, पट्टीवर नुसता महिना व वर्ष छापलेले असल्यास मुदत पहिल्या तारखेस संपते की शेवटच्या? ती त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत धरावी. मात्र ही मुदत न उघडलेल्या औषधाची असते. डोळ्यांत घालण्याच्या थेंबांची कुपी उघडल्यावर महिन्याभराने टाकावी, मग छापील मुदत पुढल्या वर्षाची का असेना. मुलांच्या प्रतिजैविकाची भुकटी पाण्यात मिसळल्यावर काही दिवसच टिकते. किती, ते वेष्टनावर असते. मुदत उलटलेले औषध बहुधा नुसते दुबळे होते, विष होत नाही, हे खरे. पण सर्वदा नव्हे. 1963 साली अमेरिकेत बिघडलेल्या जुन्या टेट्रासायक्लिनने मूत्रपिंडांना अपाय झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली.

जपानच्या तोयामा प्रांतातील औषधविक्यांची एक जुनी चाल ह्या संदर्भात मोठी शहाणपणाची वाटते. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून हे फिरते विक्रेते घरोघर औषधांची पेटी ठेवून जात व त्या वेळी पैसे घेत नसत. पुढल्या फेरीला येऊन पेटी उघडीत. जेवढे वापरले गेले तेवढ्याचे पैसे घेत, जुने झालेले काढून नवे भरीत. आपल्याकडे असा विक्रेता येत नाही, तेव्हा ती फेरी आपणच घालावयाची. रायपुरात तिला योग्य काळ होळीच्या आसपासचा. उन्हाळा डोक्यावर येण्यापूर्वी पेटी रिकामी करून जे नको ते काढून टाकले, तर ज्याची राखण करावयाची ते थोडेच उरते. पेटी उपसताना असेही आढळते की, निरनिराळ्या नावांच्या तीन पट्ट्यांत औषध एकच आहे. एक नाव कंपनीने दिलेले व दुसरे मूळ औषधाचे असते. मूळ औषधाचे नाव वाचावे.

काढलेली औषधे कचऱ्यात तशीच टाकू नयेत. 2016 च्या घनकचरा नियमांनी टाकाऊ औषधांची गणना घरगुती घातक कचऱ्यात केली होती, ती उगाच नव्हे. कचराकुंडीत हात घालणारी मुले असतात, गाई असतात. केरळात 2025 पासून अशी औषधे गोळा करण्याची सरकारी योजना सुरू झाली आहे. जेथे तशी सोय नाही तेथे गोळ्या पट्टीतून काढून भिजलेल्या चहाच्या चोथ्यात वा मातीत कालवाव्या, पिशवीत बांधून पिशवी घट्ट बंद करावी आणि घंटागाडीवर वेगळी द्यावी. तीव्र वेदनाशामके व झोपेची औषधे ह्यांच्याबाबत मात्र आधी औषधविक्रेत्यास विचारावे. पातळ औषधाच्या रिकाम्या बाटल्या रद्दीवाल्याकडे जाण्यापूर्वी विसळून त्यांवरचे कागद ओले करून खरवडून टाकावे, झाकणे वेगळी करावी. नावानिशी धडधाकट बाटली बाजारात पुन्हा भरली जाण्याचा संभव असतो.